डिस्चार्जनंतरची पाठ
मी घरोघरी जाऊन पेशंट सांभाळणारी नर्स. पक्षाघाताचा पेशंट घरी आला की नातेवाईक आधी औषधांची पिशवी दाखवतात. मी पाठ आणि टाचा बघते. दर 2 तासांनी कूस बदलून दिली नाही, तर माकडहाडावरची कातडी लाल होते, मग फाटते. एअरबेड आणला म्हणून यातून सुटका नाही. नाकातल्या नळीने पेज देताना डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उंच हवी, नंतरही अर्धा तास तशीच. नाहीतर अन्न फुप्फुसात जायची भीती. लुळा हात ओढून उठवू नका, खांदा निखळतो. रात्रीची कूस मात्र बहुतेक घरांत सुनेच्याच वाट्याला! म्हणून मी मुलालाच पलंगाशी बोलावते: चादर दोन्ही हातांनी धरा, तीन म्हटलं की सरकवायचं.