डोळ्यांनी पाहिले, ते खोटे कसे?

‘असे काही घडलेच नाही,’ असे एखादा मोठा माणूस ठासून सांगू लागला, की आपल्याला आपल्याच डोळ्यांची शंका येते. आणीबाणीत दिल्लीकरांनी हे अनुभवले. १९ एप्रिल १९७६ रोजी तुर्कमान गेटपाशी घरे पाडताना पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. सेन्सॉरमुळे वर्तमानपत्रांना ते छापता आले नाही. ६ फेब्रुवारी १९७७ला रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती; त्याच संध्याकाळी दूरदर्शनने ‘बॉबी’ दाखवला. तरीही मैदान माणसांनी फुलले.

म्हणून बातमी ऐकताना एवढेच विचारा: सांगणाऱ्याचा यात फायदा काय? प्रत्यक्ष पाहणारे काय म्हणतात? आणि आजच नेमकी करमणूक कशासाठी? मुलांनाही हे प्रश्न विचारायला शिकवा.