अनारसा का हसतो?

सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून मुले घरी येतात आणि नेमक्या त्याच आठवड्यात घरातल्या बाईला स्वयंपाकघरात कुणी पायात आलेले चालत नाही. डाळी भाजायच्या असतात, डबे घासायचे असतात. मग "जा, बाहेर खेळ" किंवा अलीकडे "घे तो मोबाइल, पण इथून ऊठ", असे म्हणून पोराला हुसकावून लावले जाते. मीही वर्षानुवर्षे हेच केले. गेल्या काही दिवाळ्या मात्र सुटीला माझी नऊ-दहा वर्षांची भाची येते, आणि तिला हुसकावणे काही मला जमत नाही.

सुरुवात अनारशाच्या तांदळापासून झाली. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, हे आपण आईकडून ऐकले आणि करत आलो. तिसऱ्या दिवशी भाचीने पातेल्यावरचे झाकण काढले आणि नाक मुरडले. "मावशी, हे खराब झालंय!" मी म्हटले, खराब नाही, आंबलंय. "मग इडलीचं पीठ आंबवताना पाणी बदलत नाहीस ते?" मी गप्प. मग आम्ही दोन वाट्या घेतल्या. दोन्हींत मूठमूठ तांदूळ भिजवले, एकीचे पाणी रोज बदलले, दुसरीचे तसेच ठेवले. तिसऱ्या दिवशी वास घेण्याचे काम तिचे. न बदललेल्या वाटीने सगळे घर जागे केले! पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना हवे तेवढेच काम करू द्यायचे आणि बाकीच्यांना ओतून द्यायचे, एवढा त्या पाणी बदलण्याचा अर्थ. तीस वर्षे अनारसे करणाऱ्या मला तो त्या वाट्यांनी शिकवला.

या वाट्यांत आणखी एक गोष्ट होती. दोन्हींत तांदूळ एकच, पाणी एकच, जागा एकच. फरक फक्त एका बाबतीत. प्रयोग म्हणतात तो हाच. शंकरपाळ्यांचेही तसेच. मैद्याचे दोन छोटे गोळे करा, एकात कडकडीत मोहन घाला, दुसऱ्यात घालू नका, बाकी सगळे सारखे. तळण मोठ्यांनीच करायचे, मुलांनी कढईपासून चार हात लांब. चव घ्यायला मात्र त्यांनाच बोलवा. मोहनाची शंकरपाळी तोंडात विरघळते, बिनमोहनाची दात मागते. पाणी लागले की मैद्यातली प्रथिने चिवट जाळे विणतात. तुपाने पिठाचे कण आधीच माखले असतील तर ते जाळे नीट विणले जात नाही.

हळदीचा प्रयोग तर आपल्या घरात रोजच होतो, आपण फक्त कपाळाला हात लावतो. शर्टावर आमटी सांडते, साबण लावला की डाग लालभडक! हळदीचा रंग आम्लात पिवळा राहतो आणि अल्कलीत लाल होतो. हळद आणि चुन्यापासून कुंकू करण्याची आपली जुनी रीत याच गुणावर उभी आहे. आम्ही त्याची भेटकार्डे केली. जाड पांढऱ्या कागदावर दाट हळदीचे पाणी फासायचे, वाळू द्यायचे आणि अंगाच्या साबणाच्या घट्ट पाण्यात काडी बुडवून लिहायचे. पिवळ्या कागदावर तांबडी अक्षरे उमटतात. त्यावर लिंबू फिरवले की अक्षरे गायब. कार्ड उन्हात ठेवू नका, हळद विटते. (आणि ओट्यावर आधी जुने वर्तमानपत्र पसरा, हा अनुभवाचा सल्ला.)

बेदाणे सोड्याच्या ग्लासात टाकले की बुडबुडे चिकटून वर येतात, बुडबुडे फुटले की खाली जातात. पाच मिनिटांची करमणूक.

पण खरी पंचाईत झाली ती मेणबत्तीने. ताटलीत पाणी, मध्ये उभी मेणबत्ती, वर उपडा काचेचा पेला. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढते. मी शाळेत पाठ केले होते ते तिला ठोकून दिले: हवेत एकपंचमांश प्राणवायू असतो, तो जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. मला या उत्तराला शाळेत पूर्ण गुण मिळाले होते. भाचीने पुन्हा एकदा लावून दाखवायला सांगितले. मग आणखी एकदा. आणि म्हणाली, "मावशी, प्राणवायू हळूहळू संपतो ना? मग पाणी हळूहळू का नाही चढत? ज्योत विझल्यावरच का धावतं?"

खरेच तसे होते. इतक्या वर्षांत मी ते पाहिलेच नव्हते, कारण उत्तर आधीच ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी आम्ही एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. पेला तोच, म्हणजे प्राणवायू तेवढाच. पण पाणी जास्त उंच चढले. माझे उत्तर तिथेच कोसळले. पेला ठेवताना ज्योतीभोवतीची हवा तापून फुगलेली असते. थोडी कडेने बुडबुडे होऊन बाहेरही पडते. ज्योत विझली की आतली हवा निवते, आकसते, आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. मुख्य कारण हे. प्राणवायू वापरला जातो हे खरे, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होत असतो, आणि ज्योत विझते तेव्हाही आत पुष्कळ प्राणवायू उरलेला असतो.

सुटीत मुलांना मेणबत्ती दाखवण्याची परंपरा तशी जुनी आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने होतात. बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेल्या मायकेल फॅरडेने तिथे १८४८ मध्ये आणि पुन्हा १८६०-६१ च्या नाताळात एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानांची मालिका दिली. त्याचे पुस्तक आजही वाचले जाते.

पण मला त्याच्याहून जवळची वाटते ती जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची आग्नेस पॉकेल्स. जन्म १८६२ चा. मुलींना विद्यापीठाची दारे बंद, घरात आजारी आईवडील. धाकटा भाऊ मात्र भौतिकशास्त्र शिकायला गेला आणि त्याची पुस्तके ती घरी वाचू लागली. भांड्यांच्या पाण्यावरचा तेलकट पापुद्रा आपणही रोज पाहतो. तिने तो मोजायचे ठरवले. पत्र्याचे उथळ भांडे, त्यावर सरकणारी पट्टी, तराजूला टांगलेली लहान चकती. एवढ्यावर तिने पाण्याच्या पृष्ठताणाचे मापन केले. १८९१ मध्ये तिने लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले आणि त्यांनी ते 'नेचर'कडे छापायला पाठवले. त्याच वर्षी ते छापून आले. मानद डॉक्टरेट मिळाली ती १९३२ मध्ये, सत्तरीत.

तिची आठवण म्हणून हा प्रयोग: परातीत पाणी, वर मिरपूड भुरभुरायची, बोटाला किंचित साबण लावून मधोमध टेकवायचे. मिरपूड झटकन कडेला पळते. साबणाने तिला ढकलले असे वाटते. खरे तर मधल्या पाण्याचा ताण कमी होतो आणि कडेचे पाणी तिला ओढून नेते.

आता अनारसा. यंदा पहिलाच घाणा तुपात पडताच हसला, म्हणजे पसरून जाळी सोडून विस्कटला. भाची खूश, मी रडकुंडीला! गुळाचे प्रमाण किंवा ओल जास्त झाली की गरम तुपात गूळ पातळ होतो आणि पिठाला धरून ठेवणारे काही उरत नाही, इतपत मला कळत होते. आम्ही गोळ्याचे तीन भाग केले. एक तसाच, एकात तांदळाची चमचाभर कोरडी पिठी, एकात दोन चमचे. पहिला पुन्हा हसला, दुसरा छान उतरला, तिसरा जरा गंभीरच झाला. हसलेले चुऱ्यासारखे वाटीत घेऊन आम्ही दुधाबरोबर खाल्ले.

तिने वहीत तिन्हींची चित्रे काढली आहेत. खाली एक प्रश्न लिहिलाय: खसखशीची बाजू तुपात खाली टाकली तर? मी म्हटले, खसखस सुटून तुपात जळते, आजी सांगायची. तिने समोर लिहिले, "आजी सांगायची. करून पाहायचे."