जमिनीखालचे रायगड – लेखांक ६ : उन्हेऱ्याचे पाणी कशाने तापते?

मागच्या आठवड्यात आपण पनवेलजवळच्या वाकलेल्या लाव्हाथरांपाशी थांबलो होतो. सह्याद्रीवर जवळपास आडवे दिसणारे काळ्या कातळाचे थर किनाऱ्याकडे येताना समुद्राच्या दिशेने कलतात आणि या वाकणात खडक उत्तर-दक्षिण भेगांनी फाटलेला आहे, इतके आपण पाहिले. कोकणातील गरम पाण्याचे झरेही याच दिशेने ओळीने लागतात. उत्तरेला पालघर जिल्ह्यातील कोकनेर आणि सातिवली, मग तानसेकाठची वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. रायगडात पालीजवळचे उन्हेरे आणि महाडजवळ सावित्रीकाठचे सव. पुढे रत्नागिरीत उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूरचे उन्हाळे. सुमारे साडेतीनशे किलोमीटरची ही ओळ योगायोगाने जुळलेली नाही.

पालीच्या बल्लाळेश्वराचे दर्शन घेऊन उन्हेऱ्याच्या कुंडात आंघोळीला येणाऱ्यांना पाणी गरम का, असे विचारले तर साधारण दोन उत्तरे मिळतात. खाली गंधक आहे, हे पहिले. खाली ज्वालामुखी धुमसतो आहे, हे दुसरे. दोन्ही चुकीची आहेत. गंधकाचा वास गरम पाण्यात विरघळून आलेल्या वायूचा असतो. तो पाण्याच्या खोल प्रवासाचा परिणाम आहे, उष्णतेचे कारण नव्हे. आणि ज्या लाव्हाने हा सारा मुलूख घडवला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची ऊब केव्हाच संपली.

खरे कारण जास्त साधे आहे आणि मला तरी ते जास्त विलक्षण वाटते. पृथ्वी आतून गरम आहेच. तिच्या जन्माच्या वेळची काही उष्णता अजून शिल्लक आहे, आणि खडकांतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या संथ किरणोत्सर्गातून नवी उष्णता सतत तयार होते आहे. त्यामुळे जगात कुठेही खाली गेले, की दर किलोमीटरला सरासरी २५ ते ३० अंश सेल्सिअसने तापमान वाढते. रायगडात पडणारा पाऊस भेगांतून खाली मुरतो, खोलवर तापतो, हलका होतो आणि दुसरी मोकळी भेग मिळाली की वर चढतो. उन्हेरे आणि सव येथील पाणी ४२ अंशांच्या आसपास असते. आपल्याकडचे वर्षाचे सरासरी तापमान २७ अंश धरले, तर १५ अंशांच्या या वाढीसाठी हिशेबाने अर्धा किलोमीटर खोली पुरते. प्रत्यक्षात पाणी वर येताना थंड होते, वाटेत उथळ भूजल त्यात मिसळते, म्हणून ते त्याहून बरेच खालून आलेले असणार. उन्हवऱ्याचे पाणी ७० अंशांच्या घरात जाते. त्याला निदान दीड किलोमीटर तरी खाली जाऊन यावे लागले असेल. पाण्यात विरघळलेल्या सिलिकाच्या प्रमाणावरून खालचे तापमान ताडता येते. कोकणातील झऱ्यांच्या मुळाशी ते शंभर ते दीडशे अंशांच्या दरम्यान असावे, असे अंदाज अभ्यासकांनी मांडले आहेत.

मग यावर वीज का करत नाही? हा प्रश्न कोकणात वारंवार विचारला जातो.

इटलीतील लार्डेरेलो येथे १९०४ साली पिएरो जिनोरी कोंती यांनी जमिनीतून येणाऱ्या वाफेवर पाच दिवे पेटवून दाखवले. तिथे थेट वाफच वर येते. जिथे दीडशे-दोनशे अंशांचे पाणी हाती लागते, तिथे ते वर आणताना दाब कमी होतो, काही भागाची वाफ होते आणि तिच्यावर टर्बाइन फिरते. त्याहून कोमट पाण्यासाठी तिसरी पद्धत आहे. कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव त्या पाण्याने उकळवायचा आणि त्याच्या वाफेवर टर्बाइन चालवायचे. अलास्कातील चेना येथे २००६ पासून फक्त ७४ अंशांच्या पाण्यावर अशी वीज होते.

उन्हवऱ्याचे ७० आणि चेनाचे ७४, म्हणजे जवळपास सारखेच, असे वाटेल. इथेच खरी गोम आहे. टर्बाइनला नुसती उष्णता पुरत नाही, त्याला गारवाही लागतो. वीज मिळते ती दोन तापमानांमधल्या फरकातून. चेनाला थंडावा देणारे पाणी ४ अंशांचे आहे. आपल्या नद्यांचे पाणी ३० अंशांच्या आसपास. निसर्गनियमाने चेनाला उष्णतेतून जास्तीत जास्त २० टक्के काम काढता येईल, तर आपल्याला सुमारे १२ टक्के; आणि प्रत्यक्ष यंत्रात त्याच्या निम्मेही हाती येत नाही. उन्हेऱ्याच्या ४२ अंशांवर तर विचारच नको. भारतात अशा विजेसाठी थंड लडाखच्या पुगा खोऱ्याकडे पाहिले जावे, हे योग्यच आहे. ओएनजीसीने २०२१ मध्ये एक मेगावॅटच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी करार केला तो तिथलाच.

पण वीज होत नाही म्हणून हे पाणी निरुपयोगी ठरवणे मला मान्य नाही. उष्णता उष्णता म्हणूनच वापरली, तर तिचे फार थोडे वाया जाते. सेकंदाला एक लिटर पाणी दहा अंशांनी थंड केले की ४२ किलोवॅट उष्णता मिळते, दिवसरात्र, पावसाळ्यातही. आइसलँडमध्ये बहुतेक घरे अशाच पाण्यावर उबदार राहतात आणि कॉड माशाची डोकीसुद्धा जमिनीच्या उष्णतेवर सुकवून नायजेरियाला पाठवली जातात.

आपल्याला घरे तापवायची नाहीत. सुकवण मात्र रायगडाची जुनी अडचण आहे. ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू होते तेव्हा पाऊस चालूच असतो. वलांडीवरचे बोंबील आणि खळ्यातला जवळा एका सरीत नासतो आणि कोळणीची मेहनत जाते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस कापलेल्या भातावर येतो. आता हिशेब पाहा. पावसाळ्यातील २७ अंशांची, ९५ टक्के आर्द्रतेची हवा ३८ अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्या जवळ उतरते. चांगल्या हिवाळी दिवसासारखी सुकवणारी हवा! आणि एवढे तापवायला ४२ अंशांचे पाणी पुरते. गरम पाणी नळ्यांतून फिरवायचे, बाहेरून पंख्याने हवा ओढायची. पाणी आणि धान्य एकमेकांना शिवतही नाहीत.

अडचणी आहेत. गरम पाणी लांब नेता येत नाही, वाटेत निवते. म्हणून उन्हेऱ्याच्या उष्णतेवर पहिला हक्क सुधागडच्या भाताचा राहील, अलिबागच्या जवळ्याचा नव्हे. माशांसाठी उन्हवऱ्यासारखे जास्त गरम पाणी अधिक सोयीचे. क्षारांनी नळ्या आतून भरतात, त्या वरचेवर साफ कराव्या लागतात.

सर्वांत मोठी काळजी जास्त पाण्यासाठी मारल्या जाणाऱ्या बोअरची आहे. न्यूझीलंडमधील वायराकेई येथे १९५८ मध्ये वीजकेंद्र सुरू झाले, खालून पाणी उपसले गेले आणि शेजारच्या खोऱ्यातील गरम पाण्याचे फवारे काही वर्षांतच बंद पडले. उन्हेऱ्याच्या कुंडात लोक श्रद्धेने आणि सांधेदुखीवर उतारा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आंघोळ करत आले आहेत. त्यामुळे नवीन भोक पाडण्याआधी कुंडातून आज वाहून जाणारे पाणी दर महिन्याला मोजावे: किती लिटर, किती अंश, पावसाळ्यात किती फरक. त्यासाठी तापमापक, बादली आणि घड्याळ पुरते. जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थी हे काम वर्षभर सहज करू शकतील. सुकवण्यासाठीचा ड्रायर केवढा हवा, हे त्या आकड्यांवरूनच ठरेल.

(पुढील आठवड्यात : अंबा नदीच्या खाडीत भरतीचे पाणी कुठवर चढते)