लाड आणि राग
नोव्हेंबर २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत दोन शब्द गाजले. 'लाडकी बहीण' म्हणताच सरकारी तिजोरीतले दरमहा १५०० रुपये भावाची ओवाळणी वाटू लागले. 'व्होट जिहाद' म्हणताच आपल्या मोहल्ल्यातली मतदानाची साधी रांग शेजाऱ्याला कटासारखी दिसावी, अशी सोय झाली. एका शब्दाने हक्काची भेट केली, दुसऱ्याने हक्काचा गुन्हा. दोन्हींत शाळा, दवाखाना, रोजगार मागे पडले.

सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याची शिकवण आहे. ती घोषणांनाही लावावी, आपल्या आवडत्या नेत्याच्या घोषणांनासुद्धा. जेवायला बसल्यावर मुलांना विचारा: या वाक्यातला लाड आणि राग काढला, तर उरते काय? जे उरेल, त्यावरच मत द्यावे.