जळगाव ते धुळे, राउटरमार्गे

जळगावच्या एमआयडीसीत डाळमिल आणि धुळ्यात विक्रीचं दुकान, असे व्यवहार खानदेशात नेहमीचे. अंतर नव्वदेक किलोमीटर; डाळीची पोती काही तासांत पोचतात. पण मिलमधल्या सर्व्हरवरची टॅली धुळ्याच्या काउंटरवर उघडायची म्हटली, की नेटवर्कवाल्याचा खरा कस लागतो.

अडचण पत्त्यांची आहे. इंटरनेटचे जुने, ३२ बिटांचे पत्ते जेमतेम ४३० कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसल्यावर १९९४ मध्ये 'नॅट'ची युक्ती मांडली गेली: आतल्या सगळ्या यंत्रांनी बाहेरचा एकच पत्ता वापरायचा. फेब्रुवारी २०११ मध्ये पत्त्यांचा जागतिक साठा वाटून संपला. मग अनेक इंटरनेट कंपन्यांनी ग्राहकाच्या राउटरच्याही वर आपलं नॅट बसवलं. राउटरच्या वॅन रकान्यात १००.६४ ते १००.१२७ यांमधला आकडा दिसला, की बहुधा तोच प्रकार. तिथे आपल्या राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड केले तरी उपयोग नाही.

नॅट आतून गेलेल्या पॅकेटची नोंद ठेवतं आणि ती पाहूनच उत्तर आत सोडतं. बाहेरून आपणहून आलेल्या पॅकेटची नोंदच नसते, म्हणून ते वाटेतच टाकलं जातं. दोन्ही टोकं अशी असली, तर सुरुवात कोणी करायची? दोन ठिकाणची नेटवर्क जोडणारा सुरक्षित टनेल बांधणाऱ्या आयपीसेकची आणखी एक पंचाईत होती: त्याच्या ईएसपी पॅकेटला पोर्टच नसतो. २००५ मध्ये ते यूडीपीत गुंडाळून ४५०० पोर्टवरून नेण्याची पद्धत ठरली. वाट मोकळी झाली. पहिली हाक कोणाची, हा प्रश्न राहिलाच.

माझ्या मते एका टोकाला स्टॅटिक पब्लिक आयपी घ्यावा. तिथे पैसे वाचवू नयेत. एकच पुरतो, कारण दुसरं टोक आतून बाहेर हाक मारू शकतं. तोही मिळत नसेल, तर पब्लिक आयपी असलेला एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि दोन्ही राउटर त्याला जोडायचे. असा टनेल बांधायला २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलेलं वायरगार्ड फार चांगलं. त्यात दर २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट पाठवायला सांगता येतं, म्हणजे नॅटमधली नोंद पुसली जात नाही. सर्व्हरने दोघांना एकमेकांचा बाहेरचा पत्ता आणि पोर्ट कळवून थेट गाठ घालून देण्याचाही मार्ग आहे. पण काही नॅट प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा पोर्ट देतात, तिथे तो बहुधा फसतो. दोन्हीकडे आयपीव्ही-६ असेल तर नॅटचा प्रश्नच मिटतो. फायरवॉलमध्ये परवानगी दिली की झालं.

जाणता माणूस मात्र सुरुवात आतल्या पत्त्यांपासून करतो. दोन्हीकडे १९२.१६८.१ ची मालिका असेल, तर धुळ्याचा संगणक जळगावचा सर्व्हर आपल्याच दुकानात शोधत बसतो. म्हणून जळगावला १९२.१६८.१०, धुळ्याला १९२.१६८.२०. एवढं करूनही कधी पिंग लागतो आणि टॅली उघडत नाही. टनेलच्या वेष्टनामुळे मोठी पॅकेट मावत नाहीत. एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १४२० किंवा त्याहून कमी करून पाहायचा.