चार चाकांवरचा वन-बीएचके!

‘अगं, घरात पलंग आहे की!’ सेकंडहॅण्ड व्हॅनमध्ये मी झोपायची सोय करतेय, हे कळल्यावर आईची ही पहिली रिअ‍ॅक्शन. पण आठवडाभर डेडलाइन्सशी झटापट केल्यावर वीकएण्डला हॉटेल बुकिंगची कटकट कुणाला हवी? समुद्र दिसला की गाडी थांबवायची, तिथेच मुक्काम. बस्स, एवढंच स्वप्न!

मग काय, पुण्यात मनसोक्त शॉपिंग. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १२ एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय, नाना पेठेतून गाडीच्या अ‍ॅक्सेसरीज, बुधवार पेठेतून एलईडी आणि वायर. नियम एकच, गाडीला कापाकापी नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल सांगतो, की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारे बदल चालत नाहीत. म्हणून माझा पलंग म्हणजे आत सरकवायची खोकी. रविवारी रात्री बाहेर काढली की व्हॅन भाजी आणायला मोकळी!

विजेसाठी १२ व्होल्टची, १०० अ‍ॅम्पिअर-अवरची सीलबंद बॅटरी आणली. गाडीची मूळ बॅटरी वापरली तर सकाळी गाडी स्टार्टच व्हायची नाही ना! हिशेब सोपा आहे. १२ गुणिले १०० म्हणजे १२०० वॉट-अवर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे ६००. वीस वॉटचा पंखा आठ तास चालला तर १६०, दिवे आणि मोबाइल धरून साधारण २३०. दोन रात्री आरामात!

पहिली ट्रिप दिवेआगरची. फेअरी लाइट्स, मॅचिंग पडदे, फोटोवर फोटो. मी आणि रूममेट एकदम खूश. रात्री दोनला जळक्या प्लॅस्टिकच्या वासाने जाग आली. पलंगाखालून धूर येत होता. ताम्हिणी घाटातल्या हादऱ्यांनी वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली गेली होती आणि शॉर्ट झाली होती. ओढणी हाताला गुंडाळून मी कशीबशी बॅटरीची वायर उपटली. गादीला हातभर काळा डाग पडला. गाढ झोपेत असतो तर? पुढचा विचार आम्ही दोघींनीही बोलून दाखवला नाही.

चूक माझीच. पडद्यांचा रंग ठरवायला दोन तास घालवले, पण फ्यूज बसवलाच नव्हता! तेव्हा मंडळी, ड्रायव्हिंग सीटवर बसण्याआधी एवढं कराच:

* बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरातच फ्यूज. तो वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा नको.
* वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रॉमेट, बाकी ठिकाणी प्लॅस्टिकची नळी.
* दोन बाजूंच्या काचा इंचभर उघड्या, त्यांना मॅग्नेटवाली मच्छरदाणी. घुसमट नाही, सकाळी काचांवर पाणीही कमी.
* चहा बाहेरच! बंद गाडीत स्टोव्ह पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वासही नसतो.

आता फ्यूज आहे, ग्रॉमेट आहेत, गादीही नवी आहे. फेअरी लाइट्स पुन्हा लावल्यात, पण सगळ्यात शेवटी. आणि परवा आईने हळूच विचारलं, ‘त्या पलंगावर तिघी मावतील का गं?’