शरीराचा कारभार (लेखांक ७) : घाम

अन्नापासून शरीरात उष्णता कशी जमा होते, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. आज त्याच खात्याची खर्चाची बाजू तपासावयाची असून, त्या कामी कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून डोंगरधारेने सिंहगडाकडे निघालेल्या वाटसरूइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा मिळणे कठीण. एकामागून एक टेकड्या चढताना त्याचे स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा जेमतेम चौथा हिस्सा चढणीच्या कामी येतो व बाकीची उष्णतारूपाने अंगातच साचू पाहते. परंतु रक्ताचे उष्णमान किंचित वाढताच मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रातून हुकूम सुटतो आणि त्वचेतील वीस ते चाळीस लक्ष घर्मग्रंथी पाझरू लागतात.

एक लिटर घाम त्वचेवर वाळला, की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हा लाभ घाम वाळण्याचा आहे, गळण्याचा नव्हे. म्हणूनच घाटमाथ्यावरील कोरड्या वाऱ्यात ज्याचा सदरा भिजता भिजताच सुकतो, तोच गडी मुंबईच्या दमट उकाड्यात निथळूनही बेजार होतो. उकळत्या पाण्याहून अधिक तापविलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटे राहूनही मनुष्याच्या अंगाचे उष्णमान फारसे चढत नाही, हे चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखविले. तशाच खोलीत ठेवलेले मांस मात्र शिजून निघाले. कात्रजच्याच प्राणिसंग्रहालयातील हत्तीला नखांलगतचा भाग वगळता घाम येत नाही, त्यामुळे त्याला कान हलवून आणि पाण्याचिखलात अंग भिजवून निभावावे लागते; वाघ जीभ काढून धापा टाकतो. उन्हात दीर्घकाळ चालण्याची सनद निसर्गाने दिली ती प्रामुख्याने मनुष्यालाच.

घामावाटे अंगातील विष निघून जाते, हा समज मात्र दुरुस्त करणे अवश्य आहे. घाम म्हणजे बहुतांशी पाणी आणि थोडे मीठ. विषारी द्रव्यांचा बंदोबस्त यकृत व मूत्रपिंडे यांच्याकडे सोपविलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात स्वेदनाचे तेरा अग्नियुक्त प्रकार वर्णिले आहेत खरे, पण तो वैद्याच्या देखरेखीखालील उपचार. जाड कपडे घालून घाम काढणाऱ्याचे घटलेले वजन हे केवळ पाण्याचे असते, आणि तांब्याभर पाणी पोटात जाताच ते परत येते.

खरा फायदा सवयीचा आहे. उन्हात बेताबेताने श्रम करीत गेल्यास सुमारे दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो, आणि त्यातून मीठ कमी वाया जाते. चढून आल्यावर सदऱ्याच्या पाठीवर पांढरे पट्टे दिसले, तर तो मिठाच्या खर्चाचा लेखी पुरावा समजून पाण्यासोबत मीठ घातलेले ताक घ्यावे. रक्तदाबामुळे ज्यांना मीठ वर्ज्य आहे, त्यांनी वैद्याचा सल्ला आधी घ्यावा. अंग तापून मनुष्य असंबद्ध बोलू लागला, तर घाम येत असो वा नसो, त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे.

विषाचा विषय ज्यांच्या अखत्यारीत येतो, त्या मूत्रपिंडांचे दप्तर पुढील लेखांकी.